प्रदर्शनात वादळ कुठल्या ग्रहाचं मांडायचं? नेपच्यून, शनी की गुरू

भाची आठवीत, शाळेत विज्ञान प्रदर्शन, विषय घेतलाय बाहेरच्या ग्रहांवरची वादळं, आणि मामा कुठला ग्रह घेऊ म्हणून रोज फोन. अजून कुणाचं पोर अडलं असेल तर वाचा.

आधी आपलं माप धरा. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, वारा ताशी ११०-१२० किमी, तेवढ्यात आमच्या श्रीवर्धनच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या.

नुसता वेगच दाखवायचा तर नेपच्यून, ताशी २००० किमीच्या वर, तेही ऊन आपल्या नऊशेव्या हिश्श्याएवढं असताना. पण मांडणार काय? १९८९ ला व्हॉयेजर २ यानाला वादळाचा पृथ्वीएवढा काळा डाग दिसला आणि १९९४ मध्ये हबल दुर्बिणीने बघितलं तर गायब. युरेनस सोडाच, तो आडवा पडून फिरतो, ध्रुवावर ४२ वर्षं उजेड ४२ वर्षं अंधार, गंमत आहे पण ती ऋतूंची.

शनीच्या उत्तर ध्रुवावरचा षटकोन बघून माणूस थांबणार हे नक्की, वाऱ्याने काढलेला आकार आणि एकेक बाजू पृथ्वीच्या व्यासापेक्षा लांब! ऑक्सफर्डवाल्यांनी फिरत्या टाकीतल्या पाण्यात असे कोन काढून दाखवलेत, म्हणून मीपण टेबलफॅनच्या मोटरवर परात बसवली, कोन एक नाही आला, पडवीभर पाणी झालं आणि आईने जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही.

राहिला गुरू. त्याच्यावरचं वादळ म्हणजे तो लाल डाग, सगळेच आणतात, मान्य, तरी माझं मत त्यालाच, कारण निदान दीडशे वर्षं तो सलग दिसतोय आणि आटत आटतही अजून पृथ्वीपेक्षा मोठा आहे, मग बघणारा विचारणारच की हा मरत का नाही. निसर्ग जमिनीवर चढलं आणि दुसऱ्या दिवशी ढेपाळलं, खाली तापलेला समुद्र राहिला नाही ना. गुरूवर समुद्रही नाही नि जमीनही नाही, उष्णता बरीचशी ग्रहाच्या पोटातून येते, आणि डागाच्या उत्तरेला वारा पश्चिमेकडे, दक्षिणेला पूर्वेकडे, त्या दोघांमध्ये तो भोवऱ्यासारखा फिरत राहतो.

हे दाखवायला खर्च शून्य. सोललेली अख्खी सुपारी टेबलावर ठेवा, दोन्ही तळहात दोन बाजूंनी टेकवा, उजवा पुढे, डावा मागे. फक्त हात उलटे नेऊ नका, सुपारी घड्याळासारखी फिरेल, लाल डाग त्याच्या उलटा फिरतो आणि एखादा सर पकडतोच.