मेस लावू की रूमवर करून खाऊ?

२०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, पण बाजारात तेवढाही मिळाला नाही, त्यामुळे घरून पैसे कमी येणार म्हणून मामेभाऊ विचारतोय, पुण्यात मेस लावू की रूमवर करू.

खर्चात रूमवर स्वस्तच, पण तिघं असाल तर, एकट्याचे पहिल्या महिन्याचे पैसे कुकर-शेगडीतच जातात. मेसवाल्याला मात्र आगाऊ द्या, आणि खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, सलग तीन असतील तरच पैशातून वजा धरणार, मी दर दिवाळीला भांडलोय यावरून!

वेळेचं बोलू नका, भांडी कोण घासणार यावरच आमची रूम फुटली. सकाळी खिचडी, रात्री तीच, वर गावाकडची शेंगदाण्याची चटणी.

परीक्षा जवळ असेल तर एक वेळची मेस लाव. फर्स्ट इयरला असशील आणि पार्टनर पक्के असतील तर शेगडीच घे, पण जुनी, रूम सोडून चाललेल्या पोरांकडून.