वेगवान सॅम्पल रेट की मोठी मेमरी? आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटर निवडताना

दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. त्यामुळे गोव्यात सोनार (ध्वनीने पाण्याखालचा वेध घेणारे यंत्र) किंवा खोली मोजणाऱ्या उपकरणांची चाचणी हा आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटरचा, म्हणजे मेमरीत साठवलेल्या पॉइंट्सवरून हव्या त्या आकाराचा विद्युत सिग्नल काढणाऱ्या यंत्राचा, एक स्वाभाविक उपयोग ठरतो, आणि येथील प्रयोगशाळेसाठी जनरेटर घेणाऱ्यापुढे बहुधा दोन प्रकार असतात. समजा, पहिल्याचा सॅम्पल रेट, म्हणजे पॉइंट्स बाहेर काढण्याचा वेग, सेकंदाला 1 अब्ज आणि मेमरी 10 लाख पॉइंट्सची आहे; दुसऱ्याचा रेट 25 कोटी, पण मेमरी 3 कोटी पॉइंट्सची आहे.

पॉइंट्सना रेटने भागले की सिग्नल पुनरावृत्तीविना किती वेळ चालेल ते कळते. पूर्ण वेगाने पहिले यंत्र 1 मिलिसेकंदात संपते, तर दुसरे 120 मिलिसेकंद टिकते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, म्हणजे 750 मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परतण्यास 1 सेकंद लागतो. पूर्ण वेगाने तेवढा काळ दोहोंपैकी एकातही मावत नाही. मात्र 50 किलोहर्ट्झच्या स्पंदासाठी एवढा वेग लागतच नाही. सेकंदाला 10 लाख सॅम्पल्स घेतले तरी प्रत्येक आवर्तनाला 20 पॉइंट्स मिळतात. या रेटने पहिल्यात नेमका 1 सेकंद बसतो, आणि दुसऱ्यात 30 सेकंद, म्हणजे बदलत्या खोलीचे लागोपाठ 30 प्रतिध्वनी.

यासाठी सॅम्पल रेट खाली आणता आला पाहिजे, आणि माझ्या मते खरेदीपूर्वी विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. डीडीएस (डायरेक्ट डिजिटल सिंथेसिस) पद्धतीच्या जनरेटरमध्ये घड्याळ स्थिर असते, म्हणजे सॅम्पल रेट बदलत नाही. वारंवारता कमी असेल तर पॉइंट्स पुन्हापुन्हा वाजवले जातात, जास्त असेल तर काही गाळले जातात. साइन तरंगाला याने फारसा धक्का लागत नाही, पण एखाददुसऱ्या पॉइंटचा अरुंद स्पंद नाहीसा होऊ शकतो आणि कडा एका सॅम्पलच्या कालावधीइतकी मागेपुढे हलते. प्रत्येक पॉइंट जसाच्या तसा हवा असेल, तर बदलता रेट असलेले यंत्रच घ्यावे.

सिक्वेन्सिंगची, म्हणजे साठवलेले तुकडे ठरवलेल्या क्रमाने वाजवण्याची, सोय असल्यास लहान मेमरीही पुरते, कारण स्पंद एकदा साठवून मधल्या शांततेचा छोटा तुकडा हवा तितक्या वेळा फिरवता येतो. परंतु त्या शांततेत समुद्राचा खरा नोंदवलेला गोंगाट भरायचा असेल, तर तो तुकड्यांत पुन्हा वाजवल्यास कृत्रिम आवर्तन उमटते आणि चाचणीच बिघडते. तेथे मोठ्या मेमरीला पर्याय नाही.

पहिल्या यंत्राची बाजू वेगळ्या कामात भक्कम होते. 25 कोटींच्या रेटला दोन पॉइंट्समध्ये 4 नॅनोसेकंदांचे अंतर असते, त्यामुळे 2 नॅनोसेकंदांत चढणारी कडा त्यातून उमटवता येत नाही. 100 मेगाहर्ट्झचा साइन तरंग त्यावर काढला, तर आवर्तनाला केवळ अडीच पॉइंट्स मिळतात, दुरुस्ती नसल्यास उंची सुमारे 76 टक्क्यांवर येते आणि 150 मेगाहर्ट्झवरची प्रतिमा (सॅम्पलिंगमुळे सोबत उमटणारा नको असलेला सिग्नल) फिल्टरने वेगळी काढणे कठीण होते. 1 अब्जाच्या रेटला ती प्रतिमा 900 मेगाहर्ट्झवर जाते व साधा फिल्टरही पुरतो.

दोन्ही यंत्रांत तरंग फिरवताना पूर्ण आवर्तनेच साठवावीत, अन्यथा सांध्यावर उडी येते. सोनार, ईसीजी किंवा यंत्रांच्या कंपनांसाठी मी, रेट बदलता येत असल्याची खात्री करून, दुसरे यंत्र घेईन. रडारचे स्पंद किंवा वेगवान डिजिटल सिग्नल हाच रोजचा विषय असेल, तर पहिले.