अंगापिंडाने मोठ्या माणसाची पहिली गाडी: मीटिऑर, क्लासिक की हंटर?

वजन शंभरीच्या आसपास किंवा पुढे, उंची पावणेसहा ते सव्वासहा फूट आणि हातात कोरं लायसन. अशा माणसाला साताऱ्यात पहिला सल्ला मिळतो तो 'तुझ्या अंगाला बुलेटच शोभंल'. शोभण्याचं सोडा, पण सल्ला अगदीच चुकीचा नाही, अपुरा आहे. रॉयल एनफिल्डच्या ज्या गाड्यांना आपण सरसकट बुलेट म्हणतो, त्यांतल्या मीटिऑर, क्लासिक आणि हंटर या तिघींचं इंजिन एकच आहे: ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढायची ताकद), पाच गिअर. यवतेश्वरचा घाट डबल सीट चढायची ताकद तिघींतही आहे. मग निवडायचं कशावर? सीट, फूटरेस्ट आणि हँडल या तीन जागा एकमेकींपासून किती लांब आहेत त्यावर. मोठ्या अंगाच्या माणसाचा निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच होतो, आणि शोरूममध्ये माणूस फसतो तोही तिथेच.

त्याआधी स्वतःपुरतं एक ठरवा: तुम्ही उंच आहात, जाड आहात की दोन्ही? उंच माणसाची अडचण गुडघ्याची असते. सीट आणि फूटरेस्टमधलं अंतर कमी पडलं की पाऊण तासात गुडघे बोलायला लागतात. जाड माणसाची अडचण मागच्या शॉकअपची, आणि पुढे वाकून बसावं लागलं तर पोटाची. उंची बेताची पण अंग भरलेलं असेल तर आणखी एक भानगड होते. मांड्या जाड असल्या की त्या सीटवर पसरतात आणि पाय जमिनीला कमी पोचतात. म्हणून तेवढ्याच उंचीच्या सडपातळ मित्राचे पाय टेकतात म्हणजे तुमचेही टेकतील, असं धरून चालू नका. तुमच्या वजनाने गाडी थोडी जास्त दबते, तेवढीच भरपाई.

मीटिऑरची सीट ७६५ मिलिमीटरवर, हंटरची ७९०, क्लासिकची ८०५. कागदावर मीटिऑर सरळ जिंकते. शोरूममध्ये बसल्यावर तर प्रश्नच उरत नाही. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट, फूटरेस्ट पुढे असल्यामुळे पाय ऐसपैस, हँडल आपणहून हातात येतं, पोटाला कुठे काही लागत नाही. खुर्चीत रेलल्यासारखं वाटतं. नवशिक्याला याहून काय पाहिजे? मोठ्या अंगाचे बरेच जण इथेच टोकन देऊन मोकळे होतात. मोकळा, सरळ हायवे हेच तुमचं रनिंग असेल तर ते चुकतात असंही नाही.

माझं मत मात्र फिरलं ते त्या पुढे असलेल्या फूटरेस्टमुळेच. सरळ बसायच्या गाडीवर फूटरेस्ट साधारण ढुंगणाखाली येतात. गतिरोधक दिसला की पायावर जोर देऊन बूड दोन बोटं उचलता येतं. धक्का गुडघ्यात आणि घोट्यात जिरतो, पाठीला कळतही नाही. मीटिऑरवर पाय पुढे असतात. तिथे उठायचं म्हणजे हँडलला ओढून स्वतःला वर घ्यावं लागतं, आणि नवशिक्याने चालत्या गाडीत हँडल ओढणं बरं नव्हे. मग माणूस बसून राहतो. सगळं वजन माकडहाडावर, आणि शंभर किलोखाली आधीच दबलेल्या शॉकअपकडे चालच, म्हणजे आणखी दबायला जागाच, शिल्लक नसते. तो तळाला टेकतो आणि उरलेला धक्का सरळ कण्यात जातो. सत्तर किलोच्या माणसाला हीच गाडी त्याच रस्त्यावर मऊ लागते. म्हणून त्याने दिलेला 'एकदम आरामात आहे' हा दाखला तुमच्या कामाचा नाही.

आपल्याकडच्या रस्त्यांचं काय सांगावं. कोरेगाव-रहिमतपूरच्या बाजूला गावोगावी बिनरंगाचे गतिरोधक आहेत, त्यांतले काही रात्री दिसतात ते चाक वर चढल्यावरच. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चालायचं म्हणजे रस्त्याची कड धरणं आलं, आणि कडेला डांबर तुटलेलं. कासकडे पावसाळ्यानंतर खड्ड्यांची मोजदाद कोणी करत नाही. अशा रस्त्यावर बूड उचलता येणं ही मला चैन वाटत नाही, गरज वाटते.

हंटरबद्दल थोडक्यात. १८१ किलो, तिघींत सगळ्यात हलकी. दोन्ही चाकं १७ इंची, त्यामुळे गर्दीत वळायला सगळ्यात सोपी. गिअर फक्त पुढच्या पंजाने टाकायचा, म्हणजे मोठ्या बुटाला मागच्या दांडीची अडचण नाही. २०२५ मध्ये कंपनीने मागच्या शॉकअपची स्प्रिंग बदलली, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) १५० वरून १६० मिलिमीटर केला आणि हाताला हलका लागणारा स्लिप-असिस्ट क्लच दिला. जुनी हंटर मागून कडक होती, म्हणून सेकंडहँड घेताना मॉडेलचं वर्ष बघूनच बोला. गाडी एकंदरीत आटोपशीर बांध्याची आहे. साडेपाच फुटाच्या भरलेल्या माणसाला ती चांगली बसते. सहा फुटांवरच्या माणसाचे गुडघे मात्र दुमडतात, आणि मागे कोणी बसलं की सरकायला जागा राहत नाही. शहरातल्या शहरात वापर असेल तर तरीही हिचा विचार करा.

आता क्लासिक. फूटरेस्ट जवळजवळ शरीराच्या खाली, हँडल उंच, पाठ ताठ. पोट असलेल्या माणसाला ताठ बसणं किती महत्त्वाचं, हे पुढे झुकायच्या गाडीवर अर्धा तास काढलेल्यालाच विचारा. श्वाससुद्धा नीट घेता येत नाही. पुढचं चाक १९ इंची आणि मागचं १८, त्यामुळे खड्ड्याच्या कडा हंटरपेक्षा गुळगुळीत लागतात. सहा फुटाच्या माणसाचा गुडघा काटकोनाहून मोकळा राहतो. गतिरोधकावर उठता येतं, आणि इतर दोष पोटात घालून माझा कौल क्लासिककडे झुकला तो एवढ्यासाठीच.

दोष आहेतच. १९५ किलो वजन नवख्याला चालवताना कळत नाही, ढकलताना कळतं. राजपथावरून खालच्या रस्त्याला उतरणाऱ्या बोळांत गाडी उताराकडे तोंड करून लावली, तर मागे घेताना चढावर ओढावी लागते, आणि तिथे ताकदीपेक्षा पकड तोकडी पडते. उपाय साधा आहे: गाडी नेहमी चढाकडे तोंड करून, पहिल्या गिअरमध्ये टाकून लावायची. काढताना क्लच दाबला की ती आपसूक मागे येते, फक्त पुढचा ब्रेक बोटाखाली ठेवायचा. दुसरा दोष चाकांचा. स्पोकच्या चाकात ट्यूब असते आणि पंक्चर झालं की चाक खोलावं लागतं. त्यात जड माणसाने हवा कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात. जमलं तर अलॉय व्हीलचा, ट्यूबलेस टायरचा प्रकार घ्या. तिसरा दोष मागच्या सीटचा. पुढचा माणूस रुंद असला की मागच्याला उरते ती टीचभर जागा. घरातलं कोण मागे बसणार आहे, त्यांना शोरूममध्ये सोबत न्याच.

होंडाची एच'नेस सीबी ३५० या चर्चेत नाही असं नाही. १८१ किलो, क्लच हलका, ३० न्यूटन-मीटर आणि तेही फक्त ३००० आरपीएमला, इंजिन लोण्यासारखं. बसायची ढबही सरळ. गाडी म्हणून मला तिच्यात फारसं खोट काढण्यासारखं दिसत नाही. पण ती नेहमीच्या ॲक्टिव्हा-शाइनच्या शोरूममध्ये मिळत नाही, होंडाच्या मोठ्या गाड्यांच्या बिगविंग दालनातच मिळते. तुमच्या गावापासून बिगविंगची सर्व्हिस किती लांब आहे ते आधी बघा. एनफिल्डला हात लावणारा मिस्त्री कराडपासून वाईपर्यंत कुठेही भेटतो, आणि नवशिक्याची गाडी वर्षात एकदा तरी आडवी होते, लिव्हर वाकतो, इंडिकेटर फुटतो. शिवाय एच'नेसवर पुढेमागे दोन दांड्यांचा गिअर लिव्हर आहे. दहा-अकरा नंबरचा बूट असेल तर तो दांडीखाली नीट सरकतो का ते बघून घ्या. तिच्याच सीबी ३५० आरएस या बहिणीला मागची दांडी नाही.

एनफिल्डच्याच हिमालयन ४५० चं नाव उंच लोक हटकून काढतात. बसायला ऐसपैस, पण ती ४५२ सीसीची आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के, खालच्यांवर १८. दुसरी गाडी म्हणून ठीक. पहिलीला चाळीस हॉर्सपॉवर हातात कशाला?

टेस्ट राइड घेताना रोजचेच बूट घाला आणि मागे माणूस बसवा. शोरूमवाला सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणायला सांगतो. तुम्ही गतिरोधकाचा रस्ता मागा, दोन वेळा बसून जा आणि दोन वेळा उठून. हँडल पूर्ण वळवून गुडघ्याला किंवा पोटाला लागतं का बघा, कारण यू-टर्नला नेमकं तिथेच अडतं. बसलेल्या अवस्थेत मित्राला बाजूने मोबाइलवर फोटो काढायला सांगा. तिन्ही गाड्यांचे फोटो शेजारी ठेवले की गुडघ्याचा कोन न मोजता कळतो. आणि मॅन्युअलमध्ये गाडीची भार वाहायची मर्यादा दिलेली असते ती वाचा. दोघांचं वजन अधिक सामान त्यात बसलं पाहिजे.

गाडी कुठलीही घ्या, ताब्यात घ्यायच्या दिवशी मागचे शॉकअप लावून घेतल्याशिवाय घरी नेऊ नका. या तिन्ही एनफिल्डना मागे सहा खाचांचं प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी सोय) असतं, आणि बहुतेक जण ते कंपनीने दिलं तिथेच वर्षानुवर्षं ठेवतात. गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डवर एक खूण करा आणि टेपने अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवा, एकाने पुढून धरायची, तुम्ही दोन्ही पाय फूटरेस्टवर घेऊन बसायचं आणि तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण चालीच्या साधारण एक-तृतीयांश असावा. जास्त भरला तर सी पान्याने (शॉकअपची खाच फिरवायच्या वाकड्या पान्याने) एकेक खाच वर घ्या, दोन्ही बाजूंना सारखीच. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला चार असं झालं की गाडी वळणात विचित्र वागते आणि कारण लवकर सापडत नाही. शंभर किलोच्या एकट्या माणसाला चौथी-पाचवी खाच आणि डबल सीटला सहावी, असं माझ्या अंदाजाने बसतं. सहाव्या खाचेवरही शॉकअप टेकत असेल तर जास्त वजन पेलणाऱ्या स्प्रिंग बाहेरून घालाव्या लागतात. प्रीलोडने गाडी वर उचलली जाते, स्प्रिंग काही कडक होत नाही.

मागून गाडी दबली की हेडलाइट आभाळाकडे बघतो आणि समोरचा प्रत्येक जण डिपर मारतो. म्हणून शॉकअप लावून झाल्यावर, तुम्ही सीटवर बसलेले असताना, भिंतीसमोर उजेड खाली आणून घ्या. चेनचं उलट आहे. वजन बसलं की ती ताणली जाते, म्हणून रिकाम्या गाडीवर ताठ केलेली चेन तुमच्याखाली आणखी ताठ होऊन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते. पाचशे किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसला मिस्त्रीला सांगा, की मॅन्युअलमध्ये दिलेल्या ढिलाईची वरची मर्यादा धर, आणि हवा डबल सीटच्या आकड्याला भर, एकटा असलो तरी.