म्युच्युअल कपलिंग मोजायचं कसं: दोन पोर्ट, एक पोर्ट की चेंबर?

अॅरेतल्या, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या अँटेनांच्या रांगेतल्या, एका अँटेनाला (एलिमेंटला) पॉवर दिली की शेजारची त्यातली थोडी उचलते. हेच म्युच्युअल कपलिंग. किती, हे मोजायचे तीन मार्ग आहेत. हाताशी कोणतं उपकरण आहे यापेक्षा आकडा कशासाठी हवा आहे, हे आधी ठरवा.

दोन पोर्टचा व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर, म्हणजे एका पोर्टातून सिग्नल पाठवून किती परतला आणि किती पलीकडे पोचला ते मोजणारं यंत्र) मिळत असेल तर बहुतेकांनी दुसरीकडे बघायचं कारण नाही. एक एलिमेंट पोर्ट १ ला, दुसरा पोर्ट २ ला, बाकी प्रत्येकाला ५० ओहमचा लोड. एस२१, म्हणजे पोर्ट १ मधून पोर्ट २ ला पोचलेला सिग्नल, फेजसकट हातात. अर्ध्या तरंगलांबीवर समांतर उभे दोन हाफ-वेव्ह डायपोल घेतले, तर सिद्धांताप्रमाणे तो उणे १४ डीबीच्या आसपास यावा, म्हणजे सुमारे ३.६ टक्के पॉवर शेजाऱ्याच्या पोर्टात. नवी मांडणी असेल तर आधी हाच अॅरे मोजून स्वतःची पद्धत तपासावी.

चुका दोन ठिकाणी होतात. उरलेल्या केबलची टोकं मोकळी सोडली, तर पाव तरंगलांबीची केबल फीडपॉइंटवर (केबल अँटेनाला जोडते त्या जागी) चक्क शॉर्ट दाखवते आणि तुम्ही वेगळाच अॅरे मोजत बसता. दुसरी चूक जास्त छुपी: कोॲक्सच्या बाहेरून वाहणारा करंट. केबल हातात धरून बघा. एस२१ हलला, तर अँटेनाबरोबर केबलही मोजली जातेय. हा बाहेरचा करंट अडवायला बलून किंवा फेराइट चढवा. नॅनोव्हीएनए हा छोटा, स्वस्त व्हीएनए एकाच दिशेने मोजतो, त्यामुळे एस२२ साठी (पोर्ट २ वरून परत येणाऱ्या सिग्नलसाठी) केबल अदलाबदल करावी लागते. शिवाय त्याच्या दुसऱ्या पोर्टवर १० डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) लावला तर मॅच सुधारतो, म्हणजे पोर्टवरून सिग्नल कमी परततो.

आठ एलिमेंटना २८ जोड्या होतात, एका दुपारचं काम. सोळांना १२० होतात. तिथे मल्टिपोर्ट व्हीएनए किंवा स्विच मॅट्रिक्स मागून घ्या, स्वतःचा छळ करू नका.

फक्त एक-पोर्ट अॅनालायझर असेल तर? शेजारचा फीडपॉइंट आधी उघडा, मग शॉर्ट करा आणि दोन्ही वेळा इम्पीडन्स घ्या. फरकातून म्युच्युअल इम्पीडन्स, म्हणजे कपलिंगचाच ओहममधला आकडा, निघतो. वरच्या डायपोलांत हा फरक साधारण १२ ओहम येतो, सहज दिसणारा. पण तो म्युच्युअल इम्पीडन्सच्या वर्गावर चालतो: कपलिंग निम्मं झालं की फरक ३ ओहमांवर, मग अॅनालायझरची स्वतःचीच चूक त्याला गिळते. वर्गमूळामुळे चिन्हही संदिग्ध राहतं. एकमेकांजवळ उभ्या केलेल्या दोन-चार एचएफ व्हर्टिकलांच्या (शॉर्टवेव्हच्या उभ्या अँटेनांच्या) फेजिंगसाठी पद्धत उत्तम. पॅच अॅरेसाठी (सपाट धातूच्या पट्ट्यांच्या अँटेनांसाठी) मी तिच्या वाटेला जाणार नाही.

चेंबर, म्हणजे परावर्तन शोषणाऱ्या भिंतींची मोजणीची खोली, सगळ्यात महाग आणि सगळ्यात खरा. एक एलिमेंट चालू, बाकी लोडवर, आणि त्याचा पॅटर्न, म्हणजे कोणत्या दिशेला किती पॉवर जाते ते. कपलिंगमुळे कडेच्या एलिमेंटचा पॅटर्न मधल्यापेक्षा कसा वाकतो, हे एस२१ च्या आकड्यातून कधीच दिसत नाही. बीम फिरवणारा अॅरे असेल तर इथे यावंच लागतं. मात्र आंधळेपणाने सगळे कोन मोजू नका. आधी दोन-पोर्टने मोजलेल्या सगळ्या जोड्यांच्या तक्त्यावरून (मॅट्रिक्सवरून) फेज बदलत अॅक्टिव्ह रिफ्लेक्शन, म्हणजे सगळे एलिमेंट चालू असताना प्रत्येकावरून परत येणारा सिग्नल, काढा, आणि ज्या कोनांना ते १ च्या जवळ जातं, तेवढेच चेंबरमध्ये न्या.