लँडसॅटचा तापमान-नकाशा : पिक्सेल 30 मीटरचा, मोजणी 100 मीटरची

मुंबईच्या उन्हाळ्याविषयी नकाशाच्या आधाराने काही मांडायचे असेल, तर लँडसॅट 8 आणि 9 या उपग्रहांच्या भूपृष्ठ-तापमान प्रतिमांइतके सोयीचे साहित्य क्वचितच सापडेल. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर नोंदणी केली की त्या विनाशुल्क उतरवून घेता येतात आणि दोन्ही उपग्रह मिळून दर आठ दिवसांनी शहराचे चित्र टिपतात. पावसाळ्यात ढगांमुळे फारसे हाती लागत नाही, हे गृहीतच धरावे. फाइलमधल्या आकड्याला 0.00341802 ने गुणून 149 मिळवले की तापमान केल्विनमध्ये मिळते. तेवढी आकडेमोड क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीत सहज होते.

खरी काळजी घ्यायची ती पिक्सेलच्या आकाराबाबत. लेयरच्या माहितीत पिक्सेल साइज 30, -30 अशी दिसते. उणे चिन्हाने बिचकू नये. प्रतिमेच्या ओळी उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजल्या जातात, एवढाच त्याचा अर्थ. मात्र हा आकडा फाइलमधल्या चौकोनाची बाजू सांगतो. जमिनीवरचा केवढा तपशील संवेदकाला वेगळा ओळखता आला, हे सांगत नाही. दृश्य प्रकाशाच्या पट्ट्यांत (पट्टा म्हणजे संवेदक वेगळा टिपतो तो तरंगलांबीचा एकेक भाग) या दोन्ही गोष्टी 30 मीटरच्या आसपास जुळतात. तापमान ज्यांवरून काढतात त्या औष्णिक पट्ट्यांत तसे नाही. औष्णिक प्रारणाची ऊर्जा कमी असल्याने पुरेसा संकेत मिळवण्यासाठी संवेदकाला जमिनीचा मोठा तुकडा एकदम पाहावा लागतो, म्हणून मूळ मोजणी 100 मीटरची असते आणि इतर पट्ट्यांशी जुळावी यासाठी रिसॅम्पलिंग करून, म्हणजे आजूबाजूच्या मोजण्यांवरून मधली मूल्ये काढून, ती 30 मीटरच्या चौकोनांत बसवली जाते.

दादरचे शिवाजी पार्क घ्या. मैदानाचे क्षेत्रफळ सुमारे 11 हेक्टर, म्हणजे फाइलमध्ये साधारण सव्वाशे पिक्सेल. त्यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्र तापमान असल्यामुळे कट्ट्याकडची सावली आणि मधली उघडी माती यांतला फरक आपण मोजतो आहोत असे सहज वाटते. प्रत्यक्षात मूळ मोजणीचा एकेक चौकोन एक हेक्टरचा, तेव्हा अख्ख्या मैदानावर जेमतेम अकरा चौकोन मावतात, आणि कडेच्या बहुतेक चौकोनांत मातीबरोबर झाडे, रस्ता आणि इमारतींच्या गच्च्याही मिसळलेल्या असतात. शेजारच्या पिक्सेलांतला गुळगुळीत चढउतार हा बराचसा रिसॅम्पलिंगचा परिणाम आहे. धारावीच्या अरुंद गल्ल्यांचे तापमान तर या प्रतिमेतून वेगळे काढताच येणार नाही.

तरीही माझे मत अनुकूलच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला खेटलेली दाट वस्ती, आरे, पवई तलाव, ठाणे खाडीकाठचे तिवरांचे पट्टे यांच्यातला फरक या प्रतिमा स्वच्छ दाखवतात, आणि वॉर्डनिहाय सरासरीसाठी त्या पुरेशा आहेत. हिरवाईचा बारकावा हवा असेल तर सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचे 10 मीटरचे पट्टे जोडीला घ्यावेत. त्या उपग्रहाला औष्णिक पट्टा नाही, त्यामुळे दोन्हींची कामे वेगळी राहतात. दोन्ही एकाच ग्रिडवर आणण्यासाठी तापमानाचा थर 10 मीटरचा करणे मात्र मला मान्य नाही, कारण त्याने पिक्सेल वाढतात, माहिती वाढत नाही. उलट सेंटिनेलच्या हिरवाईची 100 मीटरवर सरासरी काढावी आणि मग तुलना करावी. एखाद्या सोसायटीच्या गच्चीला पांढरा रंग दिल्याने किती फरक पडला, हे तपासायचे असेल तर त्या गच्चीवरच तापमापक ठेवावा.