एल-काबची थडगी: जागेला पाच तारे, आमच्या सहलीला दोन

इजिप्तमध्ये लक्सरहून एडफूला जाणाऱ्या एका दिवसाच्या सहलीत एल-काब हा वाटेतला थांबा होता. नाईलच्या पूर्वकाठावर, लक्सरच्या दक्षिणेला 80-90 किलोमीटरवर. एल-काब म्हणजेच प्राचीन नेखेब; त्या शहराचा कच्च्या विटांचा तट, चांगला 11-12 मीटर जाड, अजून उभा आहे. समोरच्या डोंगरात पायऱ्या चढून गेलं की कोरीव थडग्यांची ओळ लागते. रखवालदाराने एकेक कुलूप काढून दिलं. आम्ही सोडून तिथे कोणी नव्हतं.

पाहेरीचं थडगं म्हणजे लांबट एकच दालन, वर कमानदार छत, मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात पाहेरी, त्याची बायको आणि आई यांच्या बसलेल्या मूर्ती. पाहेरी नेखेबचा नगरप्रमुख आणि फॅरो पहिल्या थुतमोसच्या मुलाचा, वाजमोसचा, शिक्षक. छोट्या राजपुत्राला मांडीवर घेतलेला पाहेरी भिंतीवर आहे.

पण मी खिळून राहिले ती डावीकडच्या भिंतीपाशी. सगळी शेतीच आहे तिथे: नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी. माणसांच्या डोक्यावर त्यांचं बोलणं चित्रलिपीत कोरलंय. जवसाच्या पेंढ्या झोडणारा म्हातारा म्हणतो, 11,009 पेंढ्या आणल्यास तरी मी झोडून देईन. पोरगा त्याला सुनावतो, बडबड पुरे, हात चालव. पोती वाहणारे कुरकुरतात: दिवसभर धान्यच वाहायचं का? कोठारं भरली, नावा भरल्या, तरी आम्हाला पळवताय, आमची काळजं काय तांब्याची आहेत? माझं लहानपण खळ्यावर पात फिरताना बघण्यात गेलं. इथे बैलांना म्हटलेलं गाणं आहे: स्वतःसाठी मळा, कडबा तुमचा, धान्य धन्याचं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या गड्यांचं बोलणं ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उजव्या भिंतीवर मेजवानी आहे, तिथे एक बाई द्राक्षमद्याचे 18 पेले मागते, आतून पेंढ्यासारखी कोरडी पडलेय म्हणते.

शेजारचं थडगं पाहेरीच्या आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं: एबानाचा मुलगा अहमोस. एबाना हे त्याच्या आईचं नाव. हा नावेवरचा सैनिक. इजिप्तच्या उत्तर भागावर राज्य करणाऱ्या परक्या हिक्सोसांची राजधानी अवारिस कशी पडली, मग शारुहेन या त्यांच्या ठाण्याला तीन वर्षं वेढा कसा पडला, हे आपल्याला मुख्यतः याच्या भिंतीवरच्या आत्मकथनातून कळतं. सात वेळा राजाने सोनं देऊन गौरवलं, हे तो अभिमानाने सांगतो. थडगं सजवून घेतलं नातवाने, पाहेरीने.

आता तक्रार. सहलवाल्यांनी छापील कार्यक्रमात दीड तास लिहिला होता, प्रत्यक्षात चाळीस मिनिटं दिली. एडफूच्या देवळाची घाई. गाईडने पायऱ्यांखालीच पाच वाक्यं सांगितली आणि सावलीत जाऊन बसला. मजकुराचा अर्थ मी आधी वाचून गेले होते म्हणून निभावलं. माझ्या सोबतच्या काकूंना तर काहीच कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

जायचं तर स्वतंत्र गाडी करा, किमान दोन तास हाताशी ठेवा, टॉर्च घ्या आणि पाहेरीपाशी आधी जा. रेन्नीचं आणि नंतरच्या, रामेसेस नावाच्या राजांच्या काळातल्या सेताऊचं, अशी दोन थडगी आमची बघायची राहूनच गेली.