कोकणात स्वतःचे विमान : विकत घ्यावे, भागीदारीत घ्यावे की तासावर उडवावे?

मुंबईत किंवा पुण्यात व्यवसाय, रत्नागिरी वा सिंधुदुर्गात घर आणि बागा, खासगी वैमानिकाचा परवाना हाती किंवा तो काढण्याची तयारी, आणि महामार्ग क्रमांक ६६ वर वर्षानुवर्षे गेलेल्या तासांचा वैताग एवढे जमून आले की स्वतःचे छोटे विमान घ्यावे का, हा प्रश्न गंभीरपणे विचारला जाऊ लागतो. त्याला चार उत्तरे संभवतात : एकट्याने विकत घेणे, भागीदारीत घेणे, फ्लाइंग क्लबचे विमान तासावर घेणे, आणि चार्टर, म्हणजे वैमानिकांसह विमान भाड्याने घेणे. माझ्या मते या चौघांतील निवड विमानाच्या किमतीवर फारशी अवलंबून नाही. वर्षाकाठी आपण प्रत्यक्षात किती तास उडणार, यावर ती ठरते, आणि कोकणची हवा त्या तासांना फार लवकर कात्री लावते.

प्रथम विमानांविषयी. भारतातील बहुतेक फ्लाइंग स्कूलांमध्ये सेस्ना १७२ दिसते. ॲल्युमिनियमची बांधणी, चार आसने, वर पंख आणि लायकॉमिंगचे पेट्रोल इंजिन असलेल्या या विमानाचा वेग ताशी दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर असून तासाला ३०–३५ लिटर ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, लागते. दुसरा पर्याय डायमंड डीए-४० एनजी. याची काया कंपोझिटची (तंतू आणि रेझिन यांची), इंजिन डिझेल पद्धतीचे, आणि इंधन म्हणून मोठ्या विमानांचेच एटीएफ चालते, तेही तासाला वीस-पंचवीस लिटरच्या आसपास. नवी सेस्ना चार लाख डॉलरच्या पुढे जाते. त्यावर, सप्टेंबर २०२५ पासून, वैयक्तिक वापराच्या विमानाला ४० टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे नव्या विमानाचा विचार बहुतेकांनी येथेच थांबवावा आणि देशात आधीच नोंदणी झालेले, व्हीटी अक्षरांचे जुने विमान पाहावे.

इंधनाचा मुद्दा वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. ॲव्हगॅस २०२२ पर्यंत आयातच होत होते. त्या वर्षी इंडियन ऑइलने देशी उत्पादन बाजारात आणले, तरी ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही आणि चिपी (सिंधुदुर्गचा विमानतळ) किंवा रत्नागिरीत मिळेल असे धरून निघणे शहाणपणाचे नव्हे. मुंबई ते चिपी हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. टॅक्सीइंग, चढण आणि उतरण धरून जाण्याला दोन तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन चार तासांचे इंधन आणि वर राखीव साठा, अर्थात टाक्या जवळजवळ भरूनच उड्डाण करावे लागते. नव्या १७२ मध्ये पूर्ण भरलेल्या टाक्यांतील सुमारे २०० लिटर इंधनाचे वजनच १४४ किलो होते आणि माणसे-सामानासाठी जेमतेम २५० किलो उरतात. तीन प्रौढ बसले की निघताना विसेक किलोची एक बॅग घेता येईल. चौथा माणूस आणि दुसरी बॅग या दोन्हींना नाही म्हणावे लागेल. चार आसनी या शब्दाने पुष्कळांची फसगत होते ती अशी. डीए-४० चे इंधन प्रवासी विमानांना लागणारेच असल्याने इंधन मिळण्याच्या बाबतीत ते सरस ठरते.

आता हवामान. भारतात दृश्य नियमांनुसार, म्हणजे बाहेर डोळ्यांनी पाहून, उडणाऱ्या वैमानिकाला सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी आकाश बंद होते, ते सूर्योदयापूर्वी वीस मिनिटांनी उघडते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ढग सह्याद्रीला टेकलेले असतात, आणि एका इंजिनाच्या विमानातून, उपकरणांवर उडण्याचे रेटिंग नसताना, ठरल्या दिवशी पोहोचण्याची खात्री कोणी देऊ नये. गंमत अशी की कोकणी माणसाला ज्या दिवशी काहीही करून गावी पोहोचायचेच असते, ते गणपतीचे दिवस नेमके याच काळात येतात. शिमगा, आंब्याचा हंगाम, नाताळची सुट्टी यांना विमान उपयोगी पडेल. गणपतीला मात्र हँगरमध्ये विमान ठेवून आपण रेल्वेच्या आरक्षणासाठी धडपडणार आहोत, हे आधीच मान्य करावे.

खाऱ्या हवेचा खर्च कागदावर दिसत नाही. किनाऱ्यावर उघड्यावर ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या विमानाला रिव्हेटांभोवती, पंखांच्या सांध्यांत आणि फरशीखाली पांढरट भुकटी धरू लागते. ती दिसेपर्यंत आतला पत्रा खाल्ला जात असतो. गोड्या पाण्याने धुणे, गंजरोधक द्रव्य फवारणे आणि बंद हँगर हे उपाय आहेत, आणि तिन्हींना पैसे पडतात. कंपोझिटची काया या त्रासातून बरीचशी सुटते. मात्र उन्हात ती तापू नये म्हणून पांढराच रंग ठेवावा लागतो, आणि तिच्या दुरुस्तीला गावचा पत्रेवाला कामाचा नाही.

याहून मोठे दुखणे इंजिनाचे. लायकॉमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान उभे राहिले की त्यावरचे तेल ओघळून जाते आणि दमट हवेत गंजाचे ठिपके पडतात. पुढे इंजिन चालू झाले की हे ठिपके कॅम आणि त्याला टेकून हलणारे टॅपेट दोन्ही खातात. अधूनमधून जमिनीवरच इंजिन फिरवून ठेवणे, हा लोकप्रिय उपाय अपायकारक आहे, कारण तेल पुरेसे तापत नाही आणि तयार झालेली वाफ आतच राहते. मच्छीमार पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटतात. विमानही तसे ठेवता येते, पण त्यासाठी इंजिनात संरक्षक तेल भरणे, सिलिंडरांना ओलावा शोषणारे प्लग लावणे आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करणे, ही कामे परवानाधारक अभियंत्याकडूनच करून घ्यावी लागतात.

लायकॉमिंगच्या या इंजिनांच्या ओव्हरहॉलची (इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त करण्याची) शिफारस २००० तास किंवा १२ वर्षे, जे आधी येईल ते, अशी आहे. ओव्हरहॉलला ४० लाख रुपये लागतात असे धरू. २००० तास उडणाऱ्यासाठी ते तासाला २००० रुपये पडतात. वर्षाला ५० तास उडणाऱ्याचे बारा वर्षांत ६०० तासच होतात आणि तोच खर्च तासाला साडेसहा हजारांवर जातो. कमी उडले म्हणजे खर्च कमी, हे गणित येथे उलटे चालते.

एकंदर हिशेबही असाच मांडता येतो. पुढील आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी धरले आहेत. हँगर, हल विमा (खुद्द विमानाच्या नुकसानीचा), वार्षिक तपासणी व एअरवर्दिनेस रिव्ह्यू (विमान उडण्यायोग्य असल्याची पडताळणी), अभियंत्याचे मानधन मिळून वर्षाला १५ लाख, इंधनासह प्रत्येक तासाचा चालू खर्च १० हजार, आणि क्लबचा तासाचा दर १८ हजार धरला, तर मालकी क्लबच्या बरोबरीला येण्यासाठी वर्षाला सुमारे १९० तास उडावे लागते. विमानात अडकलेल्या एक कोटीवर सात टक्के व्याज धरले की हा आकडा २७५ वर जातो. पावसाळा वगळून उरलेल्या पस्तीस आठवड्यांत याचा अर्थ दर आठवड्याला आठ तास, म्हणजे मुंबई-चिपीच्या दोन पूर्ण फेऱ्या. आठवड्यातून दोनदा गावी जाणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

त्यातही मुंबईत विमान ठेवायचे कुठे, हा प्रश्न आहे. जुहूला आता प्रामुख्याने हेलिकॉप्टरे असतात आणि मुख्य विमानतळाला छोट्या विमानांसाठी सवड नाही. बारामती, धुळे येथे उड्डाण प्रशिक्षण चालते, अभियंते मिळतात, पण घरापासून तेथे मोटारीने जाण्यातच अर्धा दिवस जातो. कोकणात रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दल चालवते, तर चिपीची २५०० मीटरची धावपट्टी ऑक्टोबर २०२१ मध्ये खुली झाली. प्रत्येक उड्डाणाला फ्लाइट प्लॅन, हवाई संरक्षण मंजुरी आणि विमानतळाच्या कामकाजाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. मनात आले आणि निघालो, असे होत नाही.

भागीदारी ही मालकीची अधिक समंजस पद्धत आहे. तिघांनी मिळून विमान घेतले तर स्थिर खर्च एक-तृतीयांश होतोच, शिवाय विमान अधिक उडते, आणि खाऱ्या हवेत इंजिनासाठी याहून चांगले औषध नाही. अडचण तारखांची आहे : शिमगा तिघांचाही एकाच दिवशी येतो. सणावारांचा क्रम आळीपाळीने ठरवणे, ओव्हरहॉलचा निधी तासाच्या हिशेबाने वेगळ्या खात्यात साठवणे आणि बाहेर पडणाऱ्याचा वाटा कोणत्या दराने घ्यायचा, हे करारात आधीच लिहावे. खासगी नोंदणीचे विमान भाड्याने चालवता येत नसल्यामुळे ‘आम्ही नसताना ते कमाई करील’ ही आशा कोणी धरू नये.

वर्षाला पन्नास-साठ तास उडण्याची हौस असलेल्याने क्लबचे विमान घ्यावे. यात गंज, विमा, तपासणी यांची काळजी दुसऱ्याची. मात्र क्लबची विमाने मुळात प्रशिक्षणासाठी असल्याने दोन दिवस गावी नेऊन ठेवायला बहुधा मिळत नाहीत, म्हणजे उड्डाणाचा आनंद मिळतो, गावी जाण्याची सोय होत नाही. ज्याला केवळ पोहोचायचे आहे, त्याला दोन इंजिनांचे आणि दोन वैमानिकांचे चार्टर मिळते, पण तासाला लाखाच्या पुढे आणि रिकाम्या परतीचे पैसे धरून. सावंतवाडीकडच्या माणसाला उत्तर गोव्यातील मोपाचे नियमित विमान, तर कणकवलीकराला वंदे भारत याच्या तुलनेत फुकटच म्हणावी.

तरीही विकत घ्यायचेच ठरले, तर व्यवहारापूर्वी इंजिनाच्या लॉगबुकातील पावसाळ्यांच्या नोंदी वाचाव्यात. जून ते सप्टेंबर पाने कोरी असतील आणि इंजिन संरक्षित करून ठेवल्याची नोंद नसेल, तर आपल्या खर्चाने एक सिलिंडर उतरवून कॅमशाफ्ट आणि टॅपेट डोळ्यांनी पाहून घ्यावेत. विक्रेता त्याला तयार नसेल, तर ओव्हरहॉल आजच करायचा आहे असे धरून तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी.